अबोल्याची जोड

माती कुणाशी वैर धरत नाही, आणि जो तिच्यात उतरतो त्यालाही धरू देत नाही. हे वाक्य आमच्या गावच्या तालमीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. त्याखाली दोन सख्ख्या भावांची नावं होती, कारण रंग त्यांनी दिला होता. पुढे त्यातलं एक नाव दुसऱ्याने चुना लावून पुसलं. वाक्य तसंच आहे.

ते दोघे भाऊ आम्ही नव्हेत. आमचं भांडण नंतरचं आहे आणि जास्त सुशिक्षित आहे.

गाव सोनाळ्याच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझा थोरला भाऊ तिथे शेती करतो आणि वडिलांची तालीम चालवतो. मी बुलढाण्याला कॉलेजात इतिहास शिकवतो. गावाला एसटीने जायचं तर बोथ्याचा घाट उतरून खामगावला गाडी बदलावी लागते आणि अर्धा दिवस जातो. न बोलणाऱ्या भावांना हे अंतर फार सोयीचं पडतं.

वडील पहिलवान होते. पंचक्रोशीत त्यांच्या ढाकेचं नाव होतं. समोरच्याची मान बगलेत धरून त्याला कंबरेवरून फेकायचं, तो हा डाव. त्यांनी तो दादाला शिकवला. मला त्यांनी एकदाच तालमीतल्या मातीच्या हौद्यात उभं केलं, माझ्या गळ्याची हाडं बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "तू वाच." त्याप्रमाणे मी वाचत गेलो आणि प्राध्यापक झालो. लोक याला वडिलांची दूरदृष्टी म्हणतात.

संध्याकाळी ओसरीवर वडील दादाच्या पाठीला तेल चोळायचे. मी शेजारी धडा वाचत बसायचो. तळहात पाठीवर पडल्याचा चपचप आवाज यायचा आणि मला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. एकदा मी माझीही पाठ दुखते म्हणून सांगितलं. वडिलांनी बामची बाटली आणून दिली.

दादाला आणखीही एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे वडिलांचे कान. पहिलवानांचे कान घासून घासून मोडतात, सुजतात आणि फुलकोबीसारखे घट्ट होऊन बसतात. दादाचे कान विशीतच तसे झाले, आणि गावातली म्हातारी माणसं त्याला पाठमोरा बघून वडिलांच्या नावाने हाक मारू लागली. माझे कान जन्मले तसेच आहेत. त्यांच्यावर चष्मा छान बसतो.

आता भांडण. वडिलांच्या वर्षश्राद्धाला दादाने तालमीसमोर मोठा फ्लेक्स लावला. त्यावर वडिलांना 'कुस्तीमहर्षी' केलेलं होतं. वडील हयात असताना कुणी त्यांना महर्षी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला आधी जोर काढायला लावले असते. फोटो मात्र चांगला निवडला होता. खुर्चीत वडील, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. पण एका भावी आमदारांनाही जागा द्यायची होती, म्हणून माझ्या बाजूने फोटो कापला होता. कापणाऱ्याचा हिशोब थोडा चुकला आणि वडिलांच्या खांद्यावर माझा हात तेवढा राहिला. मनगटापर्यंत, घड्याळासकट.

मी चारचौघांत विचारलं, "दादा, बाबांच्या खांद्यावर हा हात कोणाचा हाय?"

दादा मंडपाची दोरी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "ज्याचा असंन त्यानं येऊन घेऊन जावा," तो म्हणाला.

लोक हसले. मी मुकाट्याने एसटीत बसलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. माय दादाकडे असायची. मी तिला भेटायला जायचो तेव्हा दादा शेतात असायचा, आणि नसला तरी जायचा.

हे असंच निभलं असतं. पण माझ्या मुलीच्या शाळेत कुस्तीचा संघ निघाला. क्रीडाशिक्षकांनी तिला वजनावरून निवडलं. त्या वजनात तालुक्यात दुसरी मुलगी नव्हती, म्हणून ती तालुक्यात पहिली आली. घरी ढाल आली. बायकोने ती शोकेसमध्ये, माझ्या पीएचडीच्या फोटोसमोर ठेवली. फोटो आता दिसत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलीला आजीकडे पाठवलं, आंबे खायला. ती आंबे खाऊन आली आणि ढाक शिकून आली. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात. दिवसभर घरात तेच. मोठे बाबा पहाटे उठतात. मोठे बाबा म्हणतात पाय आधी, हात मागून. मोठे बाबांनी रोज संध्याकाळी तेल लावून दिलं, त्यामुळे खांदा भरला नाही. मी पेपर तपासत हे ऐकायचो. त्या सत्रात बरीच मुलं नापास झाली.

एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून डावा कान दाबून बघत होती. कानाची वरची कड सुजली होती. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ती म्हणाली, कायले, आता हा असाच होईन, आजोबांसारखा. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी माझ्या कानावरून नकळत हात फिरवला.

आषाढ लागता लागता तिने विषय काढला. पावसाळा सरता सरता बुलढाण्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होत्या.

"मोठे बाबा मॅटच्या कडेले पाह्यजेत मले," ती म्हणाली.

"मला," मी सवयीने दुरुस्त केलं.

"पाह्यजेत मले," ती म्हणाली.

तिने त्यांना फोनवर विचारलंही होतं. दादाचं उत्तर तिने मला जसंच्या तसं ऐकवलं. "तुह्या बापाच्या गावात यावं आन् त्याच्या दारावरून मुक्यानं जावं, हे मले नाई जमत. आधी त्याले म्हनाव, नागपंचमीले हौद्यात ये."

इथे आमच्या तालमीची पद्धत सांगायला हवी. नागपंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून हौदा आदल्या दिवशीच खोदून, ताक, हळद आणि तेल घालून मऊ करून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पूजा होते आणि इतर कुस्त्यांच्या आधी अबोल्याची जोड लावतात. गावात ज्या दोघांचा अबोला असेल त्यांनी उतरायचं. एकमेकांच्या खांद्यावर मूठभर माती टाकायची आणि तोंडातून शब्द न काढता लढायचं. ज्याची पाठ मातीला लागेल त्याने आधी बोलायचं. काय बोलावं यावर बंधन नाही. शिवीही चालते, कारण शिवी द्यायलाही माणूस ओळखीचा लागतो. या पद्धतीचा उगम विचारला तर लोक पुराणकाळापर्यंत जातात. मला वाटतं, कुठल्यातरी वस्तादाला दोन रुसक्या चेल्यांचा कंटाळा आला असावा.

मी हो म्हणालो. मला भाऊ परत हवा होता असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. मला मुलगी परत हवी होती. वडील त्याने नेले, ते ठीक, तो थोरला होता आणि त्याची हाडं चांगली होती. ही माझी होती. तिने एकदा तरी मला त्या मातीत उभं पाहावं, एवढंच मला हवं होतं. त्यानंतर दादाने स्पर्धेला खुशाल यावं.

लढून जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीनेच तोडगा काढला. "बाबा, तुम्ही फक्त पडा. पडलात की तुम्हीच आधी बोलसान. बोलता तर तुम्हाले येतेच." मग गच्चीवरच्या पत्र्याखाली गोधड्या अंथरून तिने मला पडायला शिकवलं. रोज संध्याकाळी ती माझं मनगट धरायची, पायात पाय घालायची आणि मला हळूच खाली न्यायची. "हनुवटी आत घ्या. डोकं नाई आपटलं पाह्यजे." एकदा माझी पाठ धरली तेव्हा तिने तेलही लावलं. खरं सांगायचं तर नागपंचमी आली नसती तरी मला चाललं असतं.

बोलायचं वाक्यही तयार केलं. पहिल्या खर्ड्यात 'रक्त' होतं, ते काढलं. दुसऱ्यात 'वडिलांच्या आत्म्यास' होतं, तेही काढलं. शेवटी उरलं ते असं: "दादा, आपण एकाच मातीचे." बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, भिंतीवर लिहायला बरं आहे.

नागपंचमीला तालमीसमोर मंडप होता. भावी आमदार अजून भावीच होते आणि आले होते. त्यांनी बंधुभाव या विषयावर एवढा वेळ भाषण केलं की माती सुकू लागली आणि दोन पोरांना बादलीने पाणी मारावं लागलं. नंतर त्यांना शाल, नारळ, फेटा. मग पंचांना शाल, नारळ, फेटा. पंच म्हणजे चाचा. तरुणपणी ते आणि वडील एकमेकांशी रोज सराव करत. आता ते काठी घेऊन चालतात, पण हौद्यापाशी आले की काठी बाहेर ठेवतात. त्यांनी माझी ट्रॅकपँट खालपासून वरपर्यंत पाहिली आणि लंगोटाचा आग्रह धरला नाही. ते सगळ्यांच्याच हिताचं होतं.

माय बायकांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या शेजारी माझी मुलगी. दादा हौद्यात उतरला. केस पांढरे झालेले, पोट थोडं आलेलं, पण छाती आणि खांदे अजून वडिलांचे. आम्ही एकमेकांवर माती टाकली. त्याने मूठ माझ्या खांद्यावर रिकामी केली आणि क्षणभर हात तिथेच ठेवला. मला ते आवडलं नाही, कारण ते मला सुचायला हवं होतं.

चाचांनी टाळी दिली. मी एक पाऊल पुढे टाकलं, हनुवटी आत घेतली आणि पडायच्या तयारीत राहिलो.

दादाने माझा उजवा हात धरला, स्वतःच्या मानेभोवती घेतला, त्याची कंबर माझ्या कंबरेला लागली, आणि तो माझ्यावरून गेला. मी काहीच केलं नव्हतं. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की मी ढाक मारली, तीही वडिलांसारखी. मंडपात शिट्ट्या झाल्या. दादा खाली आणि मी त्याच्यावर. त्याचा एक खांदा मातीत होता आणि दुसरा तो सावकाश टेकवत होता, कुणी पाटावर बसावं तसा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इकडे माझ्या मुलीने मला पडायला सांगितलं होतं, तसं तिकडे मायने त्याला सांगितलेलं असणार. तू थोरला, तू पड, तू आधी बोल. दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं. आमच्या घरात चांगली गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. दृष्ट लागते.

आणि शिट्ट्या थांबता थांबता मला मुलीचा आवाज आला. ती मायला म्हणत होती, "आजी, पाह्य, मोठे बाबा कसे पडले."

कसे पडले. मी महिनाभर गच्चीवर पडायला शिकत होतो. आणि हा माणूस एका श्वासात माझ्यापेक्षा चांगला पडला होता, माझ्याकडून वडिलांची ढाक मारून घेऊन पडला होता, आणि आता पहिला शब्दही तोच घेणार होता. वडील त्याचे, कान त्याचे, मुलगी निम्मी त्याची, आणि हरायचा मोठेपणाही त्यालाच. ते मला सोसलं नाही. त्याचा दुसरा खांदा टेकायच्या आत मी त्याला दोन्ही हातांनी लंगोटाला धरलं आणि सगळा जोर लावून माझ्या अंगावर ओढलं.

आता मी खाली होतो. मी खांदे टेकवू लागलो तेव्हा दादाच्या लक्षात आलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या ताटातलं उचललं होतं. त्याने मला उचलून पुन्हा वर घेतलं. मी पुन्हा त्याला वर ओढलं. दोघेही दात ओठ खाऊन लढत होतो, फक्त प्रत्येकजण समोरच्याला जिंकवत होता. असं बराच वेळ चाललं. शिट्ट्या बंद झाल्या. भावी आमदारांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं आणि शेजारच्याने खांदे उडवले. लाउडस्पीकरवाला आधी डावांची नावं सांगत होता, तो गप्प झाला आणि त्याने जाहिरात लावली.

शेवटी चाचा वाकून म्हणाले, "अरे, कौन किसकू गिरा रा, मेरे कू समझ में नै आ रा. तुमारा बाप देखता तो दोनों कू हौदे से भार फेंकता."

तोवर आमची ताकद संपली होती. आम्ही सुटे झालो आणि शेजारी शेजारी पाठीवर पडून राहिलो. दोघांच्याही पाठी मातीला पूर्ण लागलेल्या. अशा वेळी काय करायचं, हे पद्धतीत नाही. सगळं गाव थांबलं. मला कळत होतं की आता जो आधी बोलेल, हरायचा मोठेपणा त्याचा. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पण श्वास नव्हता. 'दा' एवढं ओठांपर्यंत आलं आणि खोकला लागला. शेजारी दादाच्या छातीचा भाता एकसारखा चालला होता. तो अजून रोज जोर काढतो.

"वजन वाढलं बे तुह्यं," तो म्हणाला.

"तुह्यंबी," मी म्हणालो, जमेल तेव्हा.

एवढंच. चाचांनी निकाल दिला: जो पयले बोला, वो गिरा. म्हणजे दादा चीत आणि मी विजयी. मला उचलून फेटा बांधला आणि नारळ दिला. पहिलवानाला पाडलं म्हणून अनोळखी माणसं माझी पाठ थोपटून गेली. तिकडे माय हौद्याच्या कडेला आली होती आणि पदराने दादाच्या डोळ्यातली माती पुसत होती. त्याला म्हणत होती, थोरलेपन केलं रे बापा तू. मी जिंकलो होतो, त्यामुळे माझे डोळे मीच पुसले.

मुलगी आधी माझ्याकडे आली. हे मी मुद्दाम नोंदवतो. ती म्हणाली, "बाबा, हनुवटी आत होती तुमची. म्या पाह्यलं." मग ती दादाकडे धावली आणि तिकडेच बराच वेळ राहिली.

त्या दिवशी तवा चढत नाही, म्हणून वाफवलेलं जेवलो, एका ओळीत बसून. बोलणं फार झालं नाही. दादा म्हणाला, तू पडून कायले राह्यला होता. मी म्हणालो, तू कायले. मायने दोघांना गप्प जेवायला सांगितलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दादा बुलढाण्याला आला. सोबत मायने दिलेली लोणच्याची बरणी आणि स्वतःचं तेल. बायकोने त्याच्यासाठी आमच्या खोलीतला पंखा दिला. दादा झोपायच्या आधी शोकेससमोर उभा राहिला, ढाल उचलून पाहिली, तिच्यामागे माझा झगा घातलेला फोटो सापडला, तोही पाहिला. ढाल थोडी बाजूला सरकवून ठेवली. फोटो अर्धा दिसू लागला. मी पाणी प्यायचं निमित्त करून ते बाहेरून पाहिलं.

सकाळी मॅटच्या एका कडेला तो उभा राहिला आणि दुसऱ्या कडेला मी, दोघांच्याही हातात टॉवेल. त्याचा घरचा, माझा नवा. उद्घाटनाला तीन पाहुणे, म्हणून तीन भाषणं. मग कुस्त्या. आमच्या मुलीच्या समोर चिखलीची एक बारकी, शांत मुलगी आली. दादाने मला खुणेने सांगितलं, काळजी नको. आमच्या मुलीने ढाकेसाठी मान धरायला हात टाकला. त्या मुलीने त्या हाताखालून खाली बसून हिचे दोन्ही पाय ओढून काढले आणि आमची मुलगी पाठीवर होती. शिट्टी वाजली. सगळं संपलं तेव्हा दादाचं तोंड सूचना द्यायला अजून उघडं होतं.

आम्ही दोघेही टॉवेल पुढे करून उभे राहिलो. ती उठली, दादाकडे आली नाही, माझ्याकडेही आली नाही. ती सरळ त्या चिखलीच्या मुलीकडे गेली, तिच्यासमोर बसली आणि पाय कसे काढले ते परत दाखवायला सांगू लागली. दोघींनी ते तिथेच पुन्हा करून बघितलं. मग हसल्या. ती मुलगी हे मोबाइलवर बघून शिकली होती.

आता दर रविवारी आमची मुलगी सकाळच्या गाडीने चिखलीला जाते. सुट्टीत ती गावाला गेली नाही. घरात मोठे बाबांचं नाव येत नाही, माझं पूर्वीही येत नव्हतं. चिखलीची ती काय म्हणते, ती कशी उठते, ती काय खाते, हे मात्र सगळं येतं.

रविवारी दादाचा फोन असतो. हल्ली आमचं बोलणं भरपूर होतं, आणि ते चांगलं होतं, कारण विषय एकच आहे. "गेली का?" तो विचारतो. मी म्हणतो, हाव, गेली. "तिकडं असं काय हाय बे एवढं, जे आपल्याकडं नाई?" परवा तो म्हणाला. "तू शिकेल माणूस हायस, जरा पाह्य."

मी चौकशी केली. चिखलीच्या त्या मुलीच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं आणि गाद्या मोकळ्या असतात.